दुसरा न्यूटन

बँकेत चौतीस वर्षं काढली की माणसाला एक खोड जडते. कुणाचंही चरित्र हाती आलं, की तो आधी त्यातला ताळेबंद शोधतो. या गृहस्थानं किती घेतलं, किती फेडलं, कुठे थकला आणि शेवटी त्याचं खातं कोणत्या रकान्यात बंद झालं? पुढे मी कादंबऱ्या लिहायला लागलो, पण ही खोड काही गेली नाही. म्हणूनच चार्ल्स न्यूटन या माणसाची गोष्ट कानावर आली, तेव्हा त्याच्या रायफलींपेक्षा त्याच्या कर्जाचंच कुतूहल मला आधी वाटलं.

हा न्यूटन सफरचंदवाला नव्हे. हा अमेरिकन, पेशानं वकील आणि रायफलीच्या काडतुसांचा नाद लागलेला. शिकारी रायफलींच्या जाणकारांत त्याचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. माझी मात्र त्या जगात कधी ये-जा नव्हती. आपल्याकडे काडतूस म्हटलं की १८५७ सालची ती चरबी लावलेली कागदी काडतुसं आठवतात आणि विषय तिथेच संपतो. माझाही तिथेच संपला असता. पण माझी मुलगी बफेलोला राहते आणि तिच्या शेजारच्या घराला एक तळघर आहे.

बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं, नायगाऱ्याजवळचं शहर. १४ मे २०२२ रोजी तिथल्या एका सुपरमार्केटमध्ये एका तरुणानं वंशद्वेषातून रायफलीनं दहा माणसं मारली. तेव्हापासून मुलीच्या घरात बंदुकीचा विषय कुणी काढत नाही. त्यामुळे शेजारच्या, सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी मला त्यांचं तळघर बघायला बोलावलंय हे कळल्यावर ती नाराज झाली. बाबा, तुम्हाला काय करायचंय तिथे जाऊन, असं तिनं दोनदा विचारलं. तिचं म्हणणं मला पटत होतं. तरीही मी गेलो, ते पितळेच्या ओढीनं. शेजारी पितळेचं काहीतरी बारीक काम करतात, एवढंच मला कळलं होतं. माझं बालपण पुण्याच्या तांबट आळीला लागून गेलेलं. धातूवर हातोडी पडल्याचा आवाज आला की माझे पाय आजही आपोआप तिकडे वळतात.

तळघरात हातोडी नव्हती. एका जाड लाकडी बाकाला लोखंडी दाबयंत्र पक्कं बसवलेलं होतं. शेजारी पितळेच्या रिकाम्या काडतुसांचा डबा आणि भिंतीवर एक जुनी रायफल. रायफल त्यांच्या आजोबांनी १९१७ साली विकत घेतलेली. तिच्या नळीवर न्यूटन आर्म्स कंपनी, बफेलो, असं कोरलेलं. या रायफलीची काडतुसं कारखान्यात तयार होणं १९३८ सालीच थांबलं. आणि काडतुसाविना रायफल म्हणजे लोखंडाची पोकळ नळी. म्हणून हे गृहस्थ दुसऱ्याच रायफलीच्या रिकाम्या काडतुसांना नवा आकार देऊन आपल्या रायफलीची काडतुसं घरी तयार करतात. मी स्टुलावर बसलो आणि त्यांचे हात बघत त्यांच्याकडून न्यूटनची हकीकत ऐकत गेलो. घरी आल्यावर मिळेल ते वाचलं.

चार्ल्स न्यूटनचा जन्म ८ जानेवारी १८६८ चा, बफेलोच्या दक्षिणेला असलेल्या डेलेव्हन या खेड्यातला. घरची शेती. सोळाव्या वर्षापर्यंत शाळा आणि शेत, मग दोन वर्षं स्वतःच शाळामास्तर, आणि त्यानंतर वकिलीची सनद. सहा वर्षं तो राज्याच्या नॅशनल गार्डमध्येही होता. पण वकिलीत त्याचं मन रमलं नाही. काडतुसाच्या आकारात ते गुंतलं होतं.

काडतूस म्हणजे मुळात पितळेची एक छोटी बाटली. खाली बूड, मग अंग, मग खांदा, खांद्यावर निमुळती मान. बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि मानेत घट्ट बसवलेली गोळी. टोपीवर घाव बसला की दारू पेटते, वायूच्या दाबानं गोळी नळीतून सुटते आणि पितळेची बाटली रिकामी होऊन मागे उरते. हे सारे शब्द मला शेजाऱ्यांनी इंग्रजीत सांगितले, पण मान, खांदा आणि बूड आपल्या भाषेतही जागच्या जागी बसले.

न्यूटनच्या तरुणपणी अमेरिकन शिकाऱ्याच्या हाती जी रायफल असे, तिची गोळी सेकंदाला साधारण २००० फूट वेगानं जाई. १८९५ साली आलेलं थर्टी-थर्टी हे लोकप्रिय काडतूस याच जातीचं. गोळी जड, वेग बेताचा. अंतर वाढलं की गोळी खाली झुके आणि नेम अंदाजानं धरावा लागे. न्यूटनचं म्हणणं वेगळं होतं. बाटली मोठी ठेवा, मान बारीक करा आणि तीतून हलकी, निमुळती गोळी प्रचंड वेगानं सोडा. मग ती जवळजवळ सरळ रेषेत जाईल. यासाठी त्याला नवी बाटली ओतायची गरज नव्हती. बाजारात असलेलीच काडतुसं घेऊन त्यांची मान आवळायची, खांदा मागे ढकलायचा, लांबी कापायची. त्याच्या बहुतेक कल्पना अशाच, दुसऱ्याच्या पितळेतून आकाराला आल्या.

१९१२ साली सॅव्हेज कंपनीनं त्याचं पॉइंट टू-टू हाय-पॉवर हे काडतूस बाजारात आणलं. पंचवीस-पस्तीस नावाच्या जुन्या काडतुसाची मान आवळून ते तयार झालेलं. गोळी ७० ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅमची. वेग सेकंदाला २८०० फूट. एवढ्याशा गोळीनं हॅरी कॉल्डवेल या अमेरिकन मिशनऱ्यानं चीनच्या फुजियान प्रांतात वाघ मारले आणि काडतुसाचा बोलबाला झाला. पण मोठ्या जनावरासाठी ही गोळी फार हलकी, हे पुढे अनेकांना अनुभवानं कळलं. वेगानं सगळं भागतं या न्यूटनच्या श्रद्धेची ती मर्यादा होती, आणि ती मान्य केलीच पाहिजे.

१९१५ साली सॅव्हेजनंच त्याचं दुसरं काडतूस आणलं. न्यूटननं ते १०० ग्रेनच्या गोळीसाठी आखलं होतं. कंपनीनं मात्र ८७ ग्रेनची गोळी घातली, कारण तेवढ्यानं वेग सेकंदाला ३००० फुटांवर जात होता आणि ३००० हा आकडा जाहिरातीत शोभून दिसत होता. काडतुसाच्या नावातच तो आकडा घातला गेला. आखणाऱ्याचा विचार एक आणि विकणाऱ्याचा दुसरा. असे प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावरूनही बरेच गेले.

आपला विचार आपल्याच नावानं विकावा, असं न्यूटनला वाटलं असेल तर नवल नाही. १९१४ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यानं बफेलोत न्यूटन आर्म्स कंपनी काढली. बेत असा की स्वतःचा कारखाना उभा राहीपर्यंत जर्मनीच्या माउझर कारखान्यातून रायफली मागवायच्या आणि धंदा चालू करायचा. त्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि जर्मनीचा माल बंद झाला.

माणूस डगमगला नाही. रायफल स्वतःच आखली. तिचा खटका मागून बंद करणारी दांडी मोठ्या तोफेच्या बुडासारखी, तुटक आट्यांची. नळ्यांच्या कामावर देखरेखीला हॅरी पोप हा त्या काळातला नामांकित कारागीर आणला. काडतूसही स्वतःचं, पॉइंट टू-फिफ्टीसिक्स न्यूटन. अमेरिकन सैन्याचं थर्टी-ओ-सिक्स हे काडतूस आखूड करून, मान आवळून तयार केलेलं, साडेसहा मिलिमीटर मापाच्या गोळीचं. यंत्रं जमवण्यात, माणसं शिकवण्यात अडीच वर्षं गेली. पहिल्या रायफली जानेवारी १९१७ मध्ये बाहेर पडल्या. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि काडतुसांचं सारं उत्पादन सरकारच्या अखत्यारीत गेलं.

बँकेच्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. रायफल आहे पण काडतूस नाही, तर गिऱ्हाईक रायफल घेईल कशाला? माल गोदामात, पगार चालू, व्याज चालू. खेळतं भांडवल दिलेल्या बँकांनी काही काळ वाट पाहिली आणि १९१८ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. तोवर काही हजार रायफली झाल्या होत्या. उरलेल्या सुट्या भागांतून दुसऱ्यांनी रायफली जोडल्या आणि विकल्या. नाव न्यूटनचं, पैसा भलत्यांचा.

१९१९ साली त्यानं दुसरी कंपनी काढली. युद्ध संपल्यावर निकामी झालेली सरकारी यंत्रं घेऊन कारखाना उभारायचा विचार होता. तो तडीस गेला नाही. १९२३ साली तिसरी, बफेलो न्यूटन. तिच्या रायफली कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनमध्ये तयार झाल्या, पण तीही काही वर्षांत आटोपली. १९२९ साली, साठी उलटल्यावर, त्यानं आणखी एक नव्या धर्तीची रायफल आखली आणि मागण्या गोळा करायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पुरेशा मागण्या आल्याच नाहीत. ९ मार्च १९३२ रोजी न्यू हेवनमध्ये चार्ल्स न्यूटन वारला. वय ६४.

हे वाचताना मला एक माणूस सारखा आठवत होता. १९८० च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथे एका गृहस्थानं आमच्या शाखेच्या कर्जावर छोटा कारखाना टाकला होता. शेतीच्या पंपाचा एक भाग त्यानं स्वतःच्या डोक्यानं नव्यानं आखला होता. भाग चांगला होता. पण ओतकामाचा भाव वाढला, वीज जायला लागली, एका मोठ्या गिऱ्हाइकानं पैसे थकवले आणि हप्ते चुकले. कर्ज मागे घेण्याची शिफारस मी केली. कागदावर तिच्यात एकही चूक नव्हती. यंत्रं भंगाराच्या भावानं गेली. लिलावाच्या दिवशी तो दाराशी उभा राहून प्रत्येक यंत्राचं वजन होताना बघत होता. दहाएक वर्षांनी दुसऱ्याच जिल्ह्यात एका पंपात मला तोच भाग दिसला. दुसऱ्या कुणी बनवलेला, पण आकार तोच. मी तो उचलून हातात धरला आणि खाली ठेवला. ही गोष्ट मी कोणत्याही कादंबरीत लिहिली नाही. धीर झाला नाही.

न्यूटनच्या बाबतीत बँकर चुकले का? मला तसं वाटत नाही. ठेवीदारांचा पैसा असा गुंतवून ठेवता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तीच सही केली असती. माझं म्हणणं एवढंच, की त्या सहीनं कंपनी बंद झाली हे खरं, पण न्यूटनचं खातं तिनं बंद झालं नाही. त्याचा पुरावा त्या तळघरातल्या बाकावर पडलेला होता.

शेजाऱ्यांनी डब्यातून थर्टी-ओ-सिक्सचं एक रिकामं काडतूस काढलं. हे पितळ सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. ते चांगलं ओढलं, दाबलं जातं, पण प्रत्येक दाबागणिक ताठ होत जातं. आधी त्यांनी बुडातली जळकी टोपी सुईनं ठोकून काढली. मग काडतुसाला बोटानं मेणचट वंगण फासलं. वंगण कमी झालं तर काडतूस साच्यात अडकून बसतं, जास्त झालं तर खांद्यावर खळगा पडतो. किती लावायचं ते बोटालाच कळतं. काडतूस साच्याखाली ठेवून त्यांनी दाबयंत्राचा दांडा सावकाश ओढला. मान थोडी आवळली गेली. दुसऱ्या साच्यात आणखी थोडी. एकदम केलं तर पितळ सुरकुततं. मग खांदा मागे गेला. जिथे आधी अंग होतं तिथे खांदा आला आणि जिथे खांदा होता तिथे मान.

इथे एक अडचण येते. काडतुसाची भिंत बुडाकडे जाड आणि तोंडाकडे पातळ असते. खांदा मागे सरला की खालचं जाड पितळ मानेत येतं. ते तसंच ठेवलं तर गोळी सुटायला मानेला फुलायची जागा राहत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणून लांबी कापल्यावर मान तासून पातळ करावी लागते. सूक्ष्ममापकानं ते प्रत्येक मान मोजत होते, आणि मधूनच एखादं काडतूस न बोलता बाजूच्या डब्यात टाकत होते.

मग त्यांनी काडतुसं एका पसरट ताटात उभी केली, ताटात अर्ध्या उंचीपर्यंत पाणी ओतलं आणि ज्योत मानेवर धरली. पितळेचा रंग पालटला की काडतूस पाण्यात आडवं पाडायचं. ताठलेली मान त्यानं पुन्हा मऊ होते, नाहीतर दोन-चार वापरांत तिला चीर जाते. पाणी कशाला, तर बुडाला आच लागू नये म्हणून. बूड कठीणच राहिलं पाहिजे, कारण सगळा दाब पेलणारं तेच. ते मऊ पडलं तर रायफल धरणाऱ्याच्या जिवाशी गाठ. हे बघताना मला तांबट आळी आठवली. भांडं ठोकून ठोकून ताठलं की तांबट ते भट्टीत तापवून मऊ करत, पुन्हा ठोकत आणि शेवटी अंगभर माठारून त्याला घट्टपणा आणत. कुठे मऊ ठेवायचं आणि कुठे कठीण, हे ज्याला कळलं त्याला धातू कळला, एवढं मला लहानपणी तिथे उभं राहून उमगलं होतं.

शेवटी प्रत्येक काडतूस रायफलीत घालून पाहायचं. दांडी किंचित अडून बंद झाली पाहिजे. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे गेला असेल तर आत मोकळी जागा उरते, बार उडताना पितळ ताणलं जातं आणि बुडाच्या वर तुटू शकतं. पहिल्या बारानंतर मात्र ते त्या एका रायफलीच्या आतल्या आकाराचं होऊन बाहेर येतं. तेव्हा ते खरं तिचं झालं.

एवढं सगळं करून वर्षाला किती बार उडवता, असं मी विचारलं. वीसेक, तेही कागदी निशाण्यावर, असं त्यांनी सांगितलं. शिकार त्यांनी केव्हाच सोडलेली. सुपरमार्केटचा विषय मी काढला नाही; तो त्यांनीच काढला. त्या दिवसानंतर दोन महिने ते तळघरात उतरले नव्हते म्हणाले. एवढंच बोलून त्यांनी रायफल भिंतीवर टांगली आणि कुलूप लावलं.

न्यूटनचं पुढे काय झालं? १९२५ साली विंचेस्टर कंपनीनं थर्टी-ओ-सिक्सचीच मान आवळून टू-सेव्हन्टी हे काडतूस आणलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या खपलं. न्यूटनच्या मोठ्या बाटल्यांना साजेशी, सावकाश जळणारी दारू घरी काडतुसं भरणाऱ्यांना मुबलक मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा ब्रूस हॉजडन या कॅन्सस राज्यातल्या गृहस्थानं उरलेला सरकारी साठा विकत घेऊन तो स्वस्तात विकायला काढला. आणि २००७ साली साडेसहा मिलिमीटरच्या गोळीचं, क्रीडमूर नावाचं एक नवं काडतूस अमेरिकेत आलं आणि दहा-बारा वर्षांत देशभर त्याचा बोलबाला झाला. लांब, निमुळती, त्याच मापाची गोळी, जिच्यावर न्यूटननं १९१४ च्या आसपास घरदार लावलं होतं. नव्वद वर्षं आधी. इतकं आधी बरोबर असणं आणि चूक असणं यांत बँकेच्या लेखी फरक नसतो. मुदत संपते तेव्हा हप्ता आलेला असतो किंवा नसतो.

निघताना मी एक तयार काडतूस उलटं करून पाहिलं. बुडावर थर्टी-ओ-सिक्स असंच कोरलेलं होतं. आकार बदलतो, तरी बुडावरचं नाव तेच राहतं. चुकून ते दुसऱ्या रायफलीत जाऊ नये म्हणून शेजारी प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत न्यूटनचं नाव लिहितात. बाजूच्या डब्यात चिरलेली, सुरकुतलेली काडतुसं होती. ती मोडीत जातात, वजनावर. दहांमागे दोन-तीन तरी जातातच, म्हणाले.

आठवण म्हणून एक रिकामं काडतूस त्यांनी माझ्यापुढे धरलं. मी आभार मानून ते परत केलं. आपल्याकडच्या विमानतळावर सामानात रिकामं काडतूस सापडलं तरी माणसाला पोलिसांना उत्तरं देत बसावं लागतं, हे त्यांना समजावून सांगितलं. ते हसले आणि काडतूस पुन्हा रांगेत उभं केलं.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं, काय होतं तिथे. मी तिला तांबट आळीबद्दल सांगितलं, चार्ल्स न्यूटनबद्दल सांगितलं आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या पंपवाल्या गृहस्थाबद्दल सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. त्याचं नाव काय होतं, असं विचारलं. मला ते आठवत होतं. मी सांगितलं.